पाकिटावरचे वीस ग्रॅम

माळव्याच्या काळ्या मातीत सोयाबीन आलं ते साठ-सत्तरच्या दशकांत, आणि काही वर्षांतच ते खरिपाचं मुख्य पीक होऊन बसलं. सोयाबीनपासून तेल काढणाऱ्यांची देशभरची संघटना, 'सोपा', १९७९ मध्ये स्थापन झाली; तिचं मुख्यालय इंदूरला आहे. सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९८७ पासून खंडवा रोडवर आहे. तेल काढून झाल्यावर जी पेंड उरते तिच्यात जवळजवळ निम्मं प्रोटीन असतं. त्या पेंडीचा मोठा वाटा कोंबड्यांच्या खाद्यात जातो, काही परदेशी जातो. आणि आता याच शहरात, अगदी आमच्या जुनी इंदूरच्या किराणा दुकानांतही, गल्ल्याशेजारी प्रोटीनचे बार, प्रोटीनच्या चिप्स आणि प्रोटीनची बिस्किटं टांगलेली दिसतात. प्रोटीनच्या राजधानीत राहणारी माणसं दहा-वीस ग्रॅम प्रोटीन पाकिटातून विकत घेऊ लागली आहेत.

आमच्या शेजारचे आबा सोयाबीनच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. त्यांची सून, आमच्या वहिनी, विजयनगरला एका ऑफिसात काम करतात. त्यांच्या पर्समध्ये प्रोटीन बार असतो. त्या बारवरून दोघांचा जो वाद झाला तो इथे देतो आहे. दोघंही आकडे घेऊन बोलत होते आणि दोघांनाही समोरच्याचं ऐकून घ्यायचं होतं. घरच्या वादात हे फार कमी वेळा पाहायला मिळतं.

आबा : हे पाकीट बघ, बेटा. समोर ठळक अक्षरांत '२० ग्रॅम प्रोटीन'. मागे वाच, ते २० ग्रॅम दर १०० ग्रॅमला आहे. आणि पाकीट केवढं? ३० ग्रॅमचं. पोरानं चाटूनपुसून खाल्लं तरी पोटात गेलं ६ ग्रॅम. तेल आणि मीठ मात्र पुरेपूर.

वहिनी : त्या चिप्स आहेत, आबा, आणि त्या तुमच्या नातवानं आणल्यात. माझा बार वेगळा आहे. ६० ग्रॅमचा आहे आणि त्या ६० ग्रॅममध्येच २० ग्रॅम प्रोटीन आहे. दोन्हींना एकच नियम लावू नका.

आबा : मी लावत नाही, सरकार लावतं. 'हाय प्रोटीन' लिहायला किती प्रोटीन लागतं, माहीत आहे? अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे दाव्यांविषयीचे नियम २०१८ चे आहेत. घन पदार्थ असेल तर १०० ग्रॅममध्ये रोजच्या गरजेच्या २० टक्के प्रोटीन असलं की झालं. पुरुषाची रोजची गरज ५४ ग्रॅम धर. म्हणजे ११ ग्रॅमच्या आतच काम झालं! नुसतं 'प्रोटीनचा स्रोत' लिहायचं असेल तर त्याच्याही निम्म्यात भागतं. कॅलरीच्या हिशेबानं जाणारा आणखी एक रस्ता आहे, तो तर सोडूनच दे.

वहिनी : ११ ग्रॅम म्हणजे फारच कमी झालं. आपल्या कणकेत किती असतं?

आबा : साडेदहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात बघ. आता शेव घे. हरभऱ्याच्या डाळीत साडेएकवीस ग्रॅम. शेवेत तिसरा हिस्सा तेल धरला, बाकीचं बेसन धरलं, तर १०० ग्रॅम शेवेत १४ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन निघतं. आकड्यापुरतं बोलायचं तर इंदूरची लौंगवाली शेव 'हाय प्रोटीन' आहे. उद्या कुणी तसं छापलं तर प्रोटीनच्या ओळीत त्याला अडवणारं काही नाही, कारण त्या ओळीत साखर, तेल, मीठ यांची अटच घातलेली नाही.

मी इथे थांबलो. सकाळच्या पोह्यांवर मूठभर शेव, बाजूला जिलेबी, हा या शहराचा नाश्ता आहे आणि तो मलाही प्रिय आहे. पण त्याला पौष्टिक म्हणून कुणी आजवर विकलेलं नाही. लोक तो चवीसाठी खातात आणि चवीसाठीच खातो असं सांगतात. 'हाय प्रोटीन' ही अक्षरं छापली की तोच पदार्थ चवीचा राहत नाही, औषधासारखा होतो, आणि मग माणूस मुठीचं माप विसरतो. प्रोटीनचा दावा करणाऱ्या पदार्थाला साखर-तेला-मिठाची मर्यादा नसणं हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोठं भोक वाटतं.

वहिनी : पण मग नियम कच्चा आहे असं म्हणा, बार वाईट आहे असं म्हणू नका. माझा हिशेब ऐका. बारमधल्या २० ग्रॅमसाठी मी साधारण २४० कॅलरी घेते. तेवढंच प्रोटीन शेंगदाण्यांतून घ्यायचं तर ८५ ग्रॅम दाणे, म्हणजे सव्वाचारशेच्या वर कॅलरी. फुटाण्यांतून घ्यायचं तर १०० ग्रॅमच्या आसपास, साडेतीनशे कॅलरी. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या बाईला हा फरक लहान नाही.

आबा : एवढं प्रोटीन हवंच कशाला? केंद्राच्या सर्वेक्षणात २०२३-२४ साली शहरातला माणूस दिवसाला सरासरी ६३ ग्रॅम प्रोटीन खातो असं आलंय. खेड्यातला जवळजवळ ६२. गरजेपेक्षा जास्तच आहे.

वहिनी : सरासरी ही घरातल्या कुणाचीच नसते. घरात शेवटी जेवणारी बाई त्या सरासरीत कुठे दिसते? आणि त्या प्रोटीनचा मोठा हिस्सा गहू-तांदळातूनच येतो, शहरातसुद्धा चाळीस टक्क्यांच्या आसपास. ते राहू द्या. तुमचाच दिवस मोजू. सकाळी पोहे, ६० ग्रॅम कोरडे धरले तर साडेचार ग्रॅम प्रोटीन. चार पोळ्या, साडेबारा. वरणात ३० ग्रॅम तुरीची डाळ, साडेसहा. रात्री खिचडी, ४० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम मूगडाळ, मिळून आठ. दूध एक पेला, साडेसहा. झाले ३८. भाजी धरून ४० म्हणा. तुमचं वजन ६२ किलो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम या हिशेबानं तुम्हाला ५१ हवेत. रोज अकरा ग्रॅमची तूट आहे, आबा. आणि जेवण तृणधान्यांवरच उभं असेल तर किलोमागे एक ग्रॅम धरावा असं तीच संस्था सांगते. मग तूट वीसच्या वर जाते.

आबा काही वेळ बोलले नाहीत. हा आकडा मलाही नवा होता, कारण आबांचं जेवण म्हणजे जुनी इंदूरमधल्या कुठल्याही शाकाहारी मराठी घरातल्या वयस्कर माणसाचं जेवण. पोहे, वरण, पोळी, रात्री हलकी खिचडी. साठीनंतर स्नायू झिजतात, तेव्हा प्रोटीन वाढायला हवं. आपल्याकडे नेमकी त्याच वयात डाळ पातळ होते आणि रात्रीचं जेवण अर्ध्यावर येतं. प्रोटीनची जाहिरात मात्र सगळी जिममधल्या पोरांसाठी चालते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोटीनचा हिशेब डॉक्टरच करतील. पण धडधाकट वृद्धांच्या ताटाकडे कुणी बघत नाही, हे वहिनींनी बरोबर पकडलं.

आबा : तुझा हिशेब मान्य. आता माझा प्रश्न. पाकिटावरचे २० ग्रॅम मोजले कुणी आणि कसे? मी नोकरीभर तेच काम केलं. आम्ही प्रोटीन मोजत नव्हतो, नायट्रोजन मोजत होतो. नमुना कडक गंधकाम्लात उकळायचा, त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया करायचा, तो बोरिक आम्लात धरायचा आणि टायट्रेशननं मोजायचा. मग आलेल्या आकड्याला ६.२५ नं गुणायचं. डेन्मार्कच्या योहान केल्डालनं ही रीत १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसवली, आणि जगभर ती अजून वापरतात. आता गंमत बघ. ६.२५ हा सर्वांसाठी धरलेला सरसकट आकडा. सोयाबीनचा खरा गुणक शास्त्रज्ञांनी ५.७१ काढलेला आहे. त्यानं गुणलं तर कागदावरचं ५० टक्के प्रोटीन पावणेसेहेचाळीसवर येतं. माल तोच, पोतं तेच.

वहिनी : म्हणजे खोटं लिहितात?

आबा : खोटं नाही. व्यापाराचा आंतरराष्ट्रीय नियमच ६.२५ चा आहे. पण नायट्रोजन मोजायची रीत असली की ज्याला फसवायचंय त्याला दार उघडं राहतं. चीनमध्ये २००८ साली पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं. त्यात प्रोटीन नाही, नायट्रोजन भरपूर. चाचणीत दूध उत्तम निघालं. सहा बाळं गेली, तीन लाखांच्या आसपास आजारी पडली. पावडरींमध्ये ग्लायसिन, टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्लं मिसळून आकडा फुगवतात, ती याचीच धाकटी बहीण.

वहिनी : केरळच्या डॉक्टर सिरियाक ॲबी फिलिप्स यांनी तपासलं होतं ते हेच ना?

आबा : तेच. २०२४ मध्ये 'मेडिसिन' या नियतकालिकात आलं. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या. सत्तर टक्क्यांच्या आसपास पावडरींवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. काहींत बुरशीचं विषही सापडलं.

वहिनी : पण त्या पावडरी होत्या, बार नव्हते. आणि तुमचंच तत्त्व लावायचं तर नुसता आकडा पुरत नाही, प्रोटीन पचतं किती आणि त्यात कुठली अमिनो आम्लं आहेत तेही बघायला हवं. मग तुमच्या पोळीचं काय? गव्हात लायसिन कमी. शरीराला लागणाऱ्या प्रमाणात बघितलं तर गव्हाच्या प्रोटीनला निम्मेही गुण मिळत नाहीत. दुधातून काढलेल्या व्हे प्रोटीनला पुरे गुण, सोयाच्या शुद्ध प्रोटीनलाही जवळजवळ पुरे. मघाशी मी तुमचे साडेबारा ग्रॅम पोळीतले म्हणून अख्खे धरले, ते कापायला हवे होते.

आबा : पोळी एकटी खात नाही ना मी. सोबत वरण आहे. डाळीत लायसिन भरपूर, मेथिओनिन कमी, गव्हात उलट. ताटात दोघं भेटले की एकमेकांची उणीव भरून काढतात. पण तुझा मुद्दा खरा आहे आणि तो पाकिटाला लागू झाला पाहिजे. अमेरिकेत समोर प्रोटीनचा दावा केला तर मागे रोजच्या गरजेची टक्केवारी द्यावी लागते, आणि ती प्रोटीनचा दर्जा बघून कापूनच लिहावी लागते. कोलॅजेनचं प्रोटीन असेल तर त्या मोजणीत शून्य, कारण त्यात ट्रिप्टोफॅनच नाही. आपल्याकडे दर्जा लिहायची सक्ती नाही. पाकिटावर 'प्रोटीन मिश्रण' एवढंच लिहितात. त्या मिश्रणात व्हे किती आणि सोया किती, हे ग्राहकाला कळायला मार्ग नाही.

वहिनी : घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, तेवढा तरी अंदाज येतो. मी ते वाचते. पहिल्या तीन नावांत साखर, ग्लुकोजचा पाक किंवा पामतेल आलं तर घेत नाही.

आबा : आणि 'साखर घातलेली नाही' असं लिहिलं असेल तर?

वहिनी : तर गोडी कशाची ते शोधते. खजूर असेल तर ती शेवटी साखरच, फक्त वरून घातलेली नाही. माल्टिटॉल असेल तर त्याची नोंद साखरेत होत नाही, पण त्यात साखरेच्या निम्म्याहून जास्त कॅलरी असतात आणि रक्तातली साखरही थोडी चढते. पोटात गुबारा धरतो तो त्याचाच. अशा गोडीचं प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं तर जुलाब होऊ शकतात हे पाकिटावर लिहावं लागतं. ते मी सगळ्यात आधी बघते.

आबा : मग एवढं कळतं तर शंभर रुपये कशाला मोजतेस? सोयाबडी घे. १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन. ४० ग्रॅम बडी भिजवलीस तर तुझे वीस ग्रॅम झाले, आणि कॅलरी तुझ्या बारपेक्षा कमी. खर्च सात-आठ रुपये. सियागंजात किलोनं मिळते. ती आपल्याच शहराची वस्तू आहे.

वहिनी : भिजवायची कुणी, पिळायची कुणी, परतायची कुणी? संध्याकाळी पाच वाजता मीटिंगमधून उठल्यावर मी कढई कुठे ठेवू? तुम्ही रुपये मोजले, आबा, माझा वेळ मोजला नाहीत. स्वस्त पौष्टिक खाणं म्हणजे नेहमी कुणा तरी बाईनं फुकट केलेलं खाणं असतं. त्या बारचे शंभर रुपये मी प्रोटीनसाठी देत नाही, त्या पाच मिनिटांसाठी देते.

आबा : हा प्रश्न कंपनीचा नाही, घराचा आहे.

वहिनी : घराचा म्हणजे माझाच झाला.

यावर आबा म्हणाले, "हरभरे भिजवून, मोड आणून, रोज सकाळी डबा मी भरून देईन. तू संध्याकाळी तो खा. पण ज्या दिवशी डबा राहील त्या दिवशी बार खायला माझी ना नाही." वहिनींनी लगेच अट घातली, "आणि त्यातले मूठभर तुम्हीही खायचे. तुमचे अकरा ग्रॅम बाकी आहेत."

घराबाहेर पडलेल्या बाईला पाकीट उघडून खायचा हक्क आहे, आणि घरच्या अन्नाची महती सांगताना ते अन्न रांधणारे हात मोजायचे राहून जातात, हे मला वहिनींचं पटतं. प्रोटीनच्या गुणवत्तेबाबतही त्या बरोबर आहेत. चांगल्या व्हेचा किंवा सोयाचा बार हे काही भुसकट नव्हे. पण विक्रीच्या बाबतीत आबांचंच खरं आहे. बाजारात अशा बारसोबत त्याच अक्षरांत, त्याच भाषेत प्रोटीन चिप्स, प्रोटीन कुकी, प्रोटीन भुजिया येतात आणि गिऱ्हाईक दोन्हींना एकच मानतं.

आबांनी शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथे द्यायलाच हवी. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारा एक घटक असतो, म्हणून सोयाबीन नीट शिजवल्याशिवाय कधी खाऊ नये. खंडवा रोडवरच्या संस्थेनं हा घटक नसलेला, एनआरसी १२७ नावाचा वाण काढला. माणसांच्या खाण्यासाठी देशात तयार झालेला हा तशा प्रकारचा पहिला वाण. म्हणजे सोयाबीन ताटात यावं म्हणून या शहरात काम झालेलं आहे. ते काम अजून आमच्या दुकानांपर्यंत आलेलं नाही. सोयाचं पीठ, सोयाचे फुटाणे, टोफू हे जुनी इंदूरच्या गल्लीत सहज मिळायला हवं होतं; मिळतो तो मुंबई-बंगळूरहून आलेला बार.

अन्न सुरक्षा प्राधिकरणानं जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि संपृक्त चरबी यांचे आकडे ठळक, मोठ्या अक्षरांत छापण्याचा प्रस्ताव मान्य केला. तो प्रस्ताव चांगला आहे, पण पुरेसा नाही. ज्या पदार्थात साखर, तेल किंवा मीठ ठरावीक मर्यादेपलीकडे आहे त्यावर 'हाय प्रोटीन' छापायला बंदीच हवी. समोरचा आकडा पाकिटात प्रत्यक्ष असलेल्या वजनाचा असावा, १०० ग्रॅमचा नव्हे. आणि दावा करणाऱ्यानं प्रोटीनचा दर्जा मागे लिहावा. यासाठी नवं शास्त्र लागत नाही. मोजायच्या रीती आहेत, प्रयोगशाळा आहेत, आणि आबांसारखी माणसंही या शहरात भरपूर आहेत.

मुलांच्या बाबतीत तर थांबायचीही गरज नाही. पोषण संस्थेच्या मे २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रोटीनची पूरकं टाळावीत असं स्पष्ट म्हटलं आहे. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, तेल, मीठ असलेले पदार्थ विकू नयेत, असा २०२० चा नियम आहे. चिप्सच्या पाकिटावर 'प्रोटीन' लिहिल्यानं त्या चिप्स नियमातून सुटत नाहीत. जुनी इंदूरमधल्या पालकांना माझी विनंती आहे की पुढच्या पालकसभेत आपल्या शाळेच्या कॅन्टीनमधलं एक पाकीट घेऊन जा आणि त्याच्या मागची बाजू मुख्याध्यापकांसमोर मोठ्यानं वाचा.